नाव आणि नांव : तीन सागरी बेटांच्या नामकरणाचा व दर्शनाचा इतिहास

मराठीत ‘नाव’ हा शब्द आज दोन भिन्न अर्थांनी एकाच रीतीने लिहिला जातो. होडी या अर्थाचा ‘नाव’ हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचे मूळ संस्कृत ‘नौ’ व प्राकृत ‘णावा’ यांत आहे. अभिधान या अर्थाचा ‘नाव’ हा शब्द नपुंसकलिंगी असून तो ‘नाम’ या शब्दापासून सिद्ध झाला आहे. मूळ ‘म’काराची खूण म्हणून या दुसऱ्या शब्दावर पूर्वी अनुस्वार देत असत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले, व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि ‘नाव’ व ‘नांव’ हे दोन शब्द लेखनात एकरूप झाले. ‘ती नाव’ व ‘ते नाव’ असा लिंगभेद मात्र अद्याप टिकून आहे.

हा योगायोग भाषेतील असला, तरी समुद्रातील एकाकी बेटांच्या इतिहासात नाव आणि नांव यांचा संबंध योगायोगाचा नाही. ज्या बेटांवर मनुष्यवस्ती नव्हती, त्यांना नांव मिळाले ते जवळून जाणाऱ्या नावेवरून. नांव ठेवणारा खलाशी बहुधा किनाऱ्यावर उतरत नसे. दूरवरून जे दिसले, किंवा जे दिसल्याचा भास झाला, त्यावरून तो बेटाला संबोधन देई आणि पुढे जाई. वेंगुर्ल्यासमोरची ‘जळकी बेटे’, बंगालच्या उपसागरातील ‘नारकोंडम’ आणि त्याच्या दक्षिणेचे ‘बॅरन’ म्हणजे ‘वैराण’ बेट, ही तीन नांवे या प्रकारची आहेत. तिन्ही नांवे अग्नी, नरक व उजाडपणा यांची सूचक आहेत, आणि तिन्ही ठिकाणी प्रत्यक्षात विपुल प्राणिजीवन आहे. ही चूक कशी झाली, ती कोणी व कोणत्या किमतीस दुरुस्त केली, आणि आज लहान जहाजांतून पक्षी व प्राणी पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशांसाठी तिचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाशिकचा शिलालेख व समुद्राची वाट

नाशिक हे समुद्रकाठचे नगर नव्हे. तथापि नावांचा एक महत्त्वाचा प्राचीन उल्लेख नाशिकच्याच दगडावर कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर उषवदाताने नावांची सोय करून लोकांना विनामूल्य पार उतरण्याची व्यवस्था केली, आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रामस्थाने व पाणपोया उभारल्या, असे त्यात म्हटले आहे. यांपैकी पार व दमणगंगा या नद्या आजच्या नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावून पश्चिम समुद्रास मिळतात. नाशिकच्या घाटमाथ्याचा समुद्राशी असलेला संबंध या नद्यांच्या मार्गानेच आलेला आहे.

ज्या नहपानाचे नांव या लेण्यांत आढळते, त्याचाच उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत ‘नाम्बानस’ या रूपाने आला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची गणना झाल्यावर ‘सेसेक्रियेनै’ नामक बेटांचा निर्देश येतो आणि त्या भागात चाचे असल्याचा इशाराही दिला आहे. ही बेटे म्हणजे वेंगुर्ल्यासमोरील खडक होत, असे समीकरण अनेक विद्वानांनी मांडले आहे. ते ग्राह्य धरल्यास नाशिकच्या लेण्यांतील नावा व वेंगुर्ल्याचे खडक हे एकाच काळातील पश्चिम समुद्राच्या दोन टोकांचे साक्षीदार ठरतात. ग्रीक खलाशाच्या लेखी ही बेटे म्हणजे केवळ ओळखीची व धोक्याची खूण होती. तेथे काय राहते, याची जिज्ञासा त्याला असण्याचे कारण नव्हते.

जळकी बेटे

पोर्तुगीज आले तेव्हा या खडकांना नवे नांव मिळाले. गोव्याहून उत्तरेस जाणाऱ्या प्रत्येक गलबताला ते टाळून जावे लागत असे. १५३८ साली दों जुआंव द कास्त्रु याने गोवा ते दीव या मार्गाचे जे विस्तृत वर्णन तयार केले, त्यावरून या किनाऱ्याच्या खाड्या, खडक व उथळ जागा यांची पोर्तुगीज नाविकांना किती आवश्यकता होती हे दिसते. पोर्तुगीजांनी या बेटांना ‘जळालेली बेटे’ या अर्थाचे ‘इल्हेउश केइमादुश’ असे म्हटले, आणि इंग्रजांनी त्याचे भाषांतर करून नकाशावर तेच नांव कायम केले. आज ‘वेंगुर्ला रॉक्स’ अथवा तेथील दीपस्तंभामुळे ‘निवती रॉक’ म्हणून हा समूह ओळखला जातो.

हे नांव भूशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे हे खरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या त्या रसाचा थिजून काळवत्री दगड झाला, आणि पांडवलेणीही त्याच दगडात कोरलेली आहेत. परंतु हे थर वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचत नाहीत. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातील खडक त्यांहून कितीतरी प्राचीन आहेत. नाशिकचा डोंगर खरोखर अग्नीतून निघालेला असून त्यास कोणी ‘जळका’ म्हटले नाही, आणि ज्यांचा ज्वालामुखीशी संबंध नाही ते खडक मात्र ‘जळके’ ठरले. झाडोरा नसलेले, काळपट व लाटांनी झोडपलेले हे सुळके पाहून खलाशांनी ते नांव ठेवले असावे. नावेवरून जे दिसले त्याचे ते वर्णन होते, आणि तेवढ्यापुरते ते प्रामाणिकही होते.

या बेटांच्या पोटात एक गुहा आहे, व त्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. या जातीची पाकोळी अंधारात टकटक असा ध्वनी काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून मार्ग शोधते, व आपल्या लाळेने कपारीला चिकटवून लहानसे अर्धवर्तुळाकार घरटे बांधते. पश्चिम किनाऱ्यासमोरील खडकाळ बेटांत अशी घरटी आढळतात, याची नोंद जर्डन याने १८६२ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात केली होती. १८७५ साली अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत वेंगुर्ल्याच्या या खडकांवर आला, आणि आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात त्याने या सफरीचा वृत्तांत १८७६ साली प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्या हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्या व सुरय पक्षी यांचे निरीक्षण करून १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. ज्याला सोळाव्या शतकाने ‘जळके’ म्हटले, ते ठिकाण समुद्रपक्ष्यांचे विणीचे घर आहे, हे अशा रीतीने नावेतून उतरलेल्या मनुष्याने सिद्ध केले.

परंतु उतरणारे सर्वच निरीक्षक नसतात. या जातीच्या घरट्यांना पूर्व आशियातील बाजारात मोठी किंमत येते. २००१ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना या गुहेत घरटी काढण्यासाठी उभारलेल्या बांबूंच्या पराती आढळल्या. घरटे गेले म्हणजे पक्ष्याला ते पुन्हा लाळेने बांधावे लागते, व पुनःपुन्हा ते लुटले गेल्यास वीण खुंटते. या प्रकरणानंतर संस्थेने वनखात्याच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेतले, आणि ही पाकोळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाली. येथे एक विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘जळके’ या नांवाने व खवळलेल्या पाण्याने जे शतकानुशतके राखले, ते त्या बेटाचे खरे मोल कळल्यावर धोक्यात आले.

काळे पाणी व नरककुंड

पश्चिम समुद्र सोडून बंगालच्या उपसागरात जाताना नाशिकच्या वाचकास एका चौथ्या नांवाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अंदमानचा सागर महाराष्ट्रास ‘काळे पाणी’ म्हणून माहीत झाला. १९०९ च्या डिसेंबरात नाशिक येथे कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला. त्यानंतरच्या खटल्यांत जन्मठेपेची शिक्षा झालेले भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९११ च्या जुलै महिन्यात मद्रासहून ‘महाराजा’ या आगबोटीने पोर्ट ब्लेअरला नेले गेले. त्यांचे वडीलबंधू गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव हे त्यापूर्वीच तेथील कारागृहात होते. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाने ते द्वीप मराठी घराघरांत पोहोचविले. नाशिक जिल्ह्यातून अंदमानास गेलेली ही नाव दर्शनाची नव्हती. जहाजाच्या तळघरात साखळदंडाने बांधलेल्या बंदिवानाला बेटाचे रान किंवा पक्षी निवांतपणे न्याहाळण्याचा अवसर नव्हता. ‘काळे पाणी’ हे नांव दुःखातून आलेले आहे व त्या दुःखापुरते ते सर्वथा सत्य आहे. परंतु त्यामुळे मराठी मनात त्या समुद्राची कारागृहाव्यतिरिक्त दुसरी ओळख दीर्घकाळ निर्माण झाली नाही, हेही मान्य करावयास हवे.

अंदमानच्या मुख्य बेटांच्या पूर्वेस, खोल समुद्रातून एक अरण्याच्छादित शंकू एकदम वर उठतो. त्याची उंची ७१० मीटर आहे व क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटरांहूनही किंचित कमी. हेच नारकोंडम होय. या नांवात ‘नरक’ हा शब्द आहे हे हेन्री यूल याने प्रथम सुचविले, व ‘नरककुंडम्’ असे त्याचे मूळ रूप कल्पिले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती संभाव्य आहे. ‘नरक’ व ‘कुंडम्’ यांच्या सांध्यावर दोन ‘क’कार लागोपाठ येतात. त्यांपैकी एकाचा समाक्षरलोपाने लोप होणे स्वाभाविक आहे. अंत्य ‘अम्’ दक्षिण भारतीय उच्चाराकडे बोट दाखवितो. ‘उ’काराचा ‘ओ’कार आणि ‘ण्ड’चा दंत्य उच्चार हे युरोपीय लेखनात नित्य आढळणारे विकार आहेत. तेव्हा हे नांव पूर्वेकडे जाणाऱ्या दक्षिणेच्या खलाशांनी ठेवले व युरोपीय नकाशाकारांनी ते उचलले, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

अडचण निराळीच आहे. भूशास्त्रज्ञ मॅलेट याने १८८० च्या दशकात या बेटाचे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यास तेथे विवरच आढळले नाही. तो ज्वालामुखी हजारो वर्षांपूर्वी निवालेला होता. उलट दक्षिणेकडील बॅरन बेट म्हणजे उंच कड्यांनी वेढलेले प्रत्यक्ष कुंडच असून ते अठराव्या शतकाच्या अखेरीस धडधडत होते. म्हणून मॅलेटने असे सुचविले की ‘नरककुंड’ हे नांव मूळचे बॅरन बेटाचे असावे व नकाशांच्या गोंधळात ते शेजारच्या बेटावर जाऊन बसले असावे. १७८१ च्या एका नाविक नकाशात पोर्तुगीजांच्या मते व फ्रेंचांच्या मते अशी नारकोंडमची दोन वेगवेगळी स्थाने दाखविली आहेत, आणि फ्रेंच स्थानाच्या नांवापुढे ‘उंच बेट’ असा पर्यायही दिला आहे. पोर्तुगीज बॅरन बेटाला ‘उंच बेट’ म्हणत असा एक उल्लेख आहे. परंतु दोहोंत उंच बेट म्हणजे नारकोंडम. यावरून दोन बेटांची नांवे परस्परांत बदलली गेली, या तर्कास पुष्टी मिळते. सारांश, ज्यास नरक म्हटले जाते ते हिरवे अरण्य आहे, आणि जो खरा अग्निकुंड आहे त्याने आपले नांव गमावले.

या तथाकथित नरकात काय राहते, हे जगास १८७३ साली कळले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ह्यूम याने बंगालच्या उपसागरातील बेटांची सफर केली. त्याच्यासमवेत भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिझ्का व व्हॅलेंटाइन बॉल, आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातील जेम्स वुड-मेसन हे होते. केवळ निसर्गाच्या अभ्यासासाठी मोजकी माणसे घेऊन एका जहाजाने दूरच्या बेटांची फेरी करावी, हा आजच्या लहान जहाजांच्या सफरींचा भारतीय समुद्रातील एक पूर्वज म्हणता येईल. नारकोंडमवर त्यांना जो धनेश आढळला, तो पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही. ह्यूमने त्याच वर्षी त्यास बेटाचे नांव देऊन शास्त्रीय जगापुढे आणले, आणि अशा प्रकारे नरकाचे नांव एका सुंदर पक्ष्याला चिकटले. नराचे मस्तक व मान तांबूस, मादी काळी, व दोघांच्याही गळ्याशी फिकट निळसर पिशवी असते. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते व नर अरुंद फटीतून तिला फळे भरवितो. उंबर-वर्गातील झाडे हा त्यांच्या आहाराचा आधार, आणि त्या झाडांचे बीज पसरविण्याचे काम हेच पक्षी करतात. बेट व पक्षी यांचे जीवित परस्परावलंबी आहे.

ह्यूमच्या काळी पक्षी पाहणे याचा अर्थ पक्षी मारणे असाच होता. नमुना हाती असल्यावाचून जाती निश्चित होत नसे. त्याने ब्रिटिश संग्रहालयास दिलेल्या नमुन्यांची संख्या ८० हजारांच्या वर होती. तो काळ लक्षात घेता त्यास दोष देणे उचित नाही. या संग्रहाविना आज आपल्या पक्षिशास्त्राचा पायाच घातला गेला नसता. परंतु सात चौरस किलोमीटरांच्या बेटावर जी सृष्टी सामावली आहे, तिला बंदूकधारी पाहुण्यांची पुनरावृत्ती सोसणारी नव्हती, हेही तितकेच खरे.

पुढच्या शतकात पाहण्याची रीत पालटली. १९७२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. ए. हुसेन यांनी नारकोंडमवर मुक्काम करून या पक्ष्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला. धनेशांची संख्या त्यांनी सुमारे ४०० धरली. पुढे रवी शंकरन व अन्य अभ्यासकांच्या गणना ३०० ते ४५० च्या दरम्यान आल्या. २०१९-२० च्या हिवाळ्यात रोहित नानिवडेकर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासात हा आकडा एक हजाराच्या आसपास आला. गणनेच्या पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करून वाढ झाली असे म्हणणे योग्य होणार नाही. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. ह्यूमच्या हाती बंदूक होती, त्याच्या वारसांच्या हाती दुर्बीण व वही होती. 

दरम्यान बेटावर पोलीस चौकी आली, चौकीबरोबर शेळ्या आल्या, आणि त्या शेळ्या रानावून कोवळी रोपे खाऊ लागल्या. वाढत्या झाडांवर पुढल्या शतकातील ढोल्या अवलंबून असतात, हे ध्यानात आल्यावर त्या शेळ्या हटविण्यात आल्या. तटरक्षक दलाने तेथे रडार उभारण्याचा प्रस्ताव मांडला असता २०१२ साली पर्यावरण मंत्रालयाने धनेशाचे कारण देऊन तो नामंजूर केला, व २०१४ साली राष्ट्रीय सुरक्षिततेच्या विचाराने तो मंजूर झाला. एका पक्ष्याच्या घराचा प्रश्न देशाच्या सीमेच्या प्रश्नाशी समोरासमोर उभा राहावा, इतके हे बेट लहान व इतके ते एकमेव आहे.

वैराण बेट व ‘ज्वालामुखी’ हा शब्द

बॅरन बेटाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. ज्या भाषेची भूमी बहुतांशी लाव्हारसाची, त्या मराठीत अग्निपर्वतास देशी शब्द नाही. काळवत्री, कातळ, मुरूम, गारगोटी असे त्या रसाच्या परिणामांना मराठीत शब्द आहेत. परंतु कारणास नाही, कारण मराठी बोलणाऱ्या कोणाही मनुष्याने आपल्या भूमीत तो अग्नी जागृत पाहिलेला नाही. ‘ज्वालामुखी’ हे मुळात देवीचे नांव आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा येथे भूगर्भातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूची ज्योत अखंड जळते, व तेथे ज्वालामुखी देवीचे स्थान आहे. ती ज्योत लाव्हारसाची नाही. देवीचे ते स्त्रीलिंगी नांव मराठीत अग्निपर्वताचा वाचक होताना पुल्लिंगी झाले. म्हणजे आपल्या भाषेतील हा शब्दही दुरून, दुसऱ्याच अग्नीवरून उचललेला आहे.

आजच्या भारतीय प्रदेशात जागृत ज्वालामुखी एकच, तो बॅरन बेटाचा. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरांवर तो आहे. समुद्रसपाटीवर त्याची उंची सुमारे ३५० मीटर असली, तरी तो दोन हजार मीटरांहून अधिक खोल समुद्रतळावरून उठलेला आहे. जे दिसते ते शिखर होय, पर्वत पाण्याखाली आहे. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी मिळतात. १७८९ साली लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर तेथे गेला तेव्हा तो जागृत होता. १८३२ नंतर तो शांत झाला व सुमारे दीडशे वर्षे शांतच राहिला. १९९१ साली तो पुन्हा पेटला, १९९४-९५ मध्ये व २००५ पासून वारंवार पेटत राहिला.

२०१७ च्या जानेवारीत घडलेला प्रसंग या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधु संकल्प’ या संशोधन-जहाजावरून अंदमान समुद्राच्या तळाचे नमुने गोळा करीत होते. २३ जानेवारी रोजी ज्वालामुखीतून एकाएकी राख उसळताना त्यांना दिसली. जहाज सुमारे एक मैल अंतरावर नेऊन त्यांनी निरीक्षण केले. दिवसा केवळ राखेचे लोट दिसत होते. सूर्यास्तानंतर मात्र मुखातून उडणारे लाल कारंजे व उतारावरून वाहणारा लाव्हारस स्पष्ट दिसू लागला. तीन दिवसांनी दुसऱ्या पथकानेही तेच पाहिले. जे पाहण्याजोगे होते ते सारे नावेवरूनच पाहिले गेले. बेटावर पाऊल ठेवण्याची गरज पडली नाही.

‘बॅरन’ हे इंग्रजी नांव तुलनेने अर्वाचीन आहे. विवराच्या आतील राख व काळा लाव्हारस पाहिला म्हणजे ते यथार्थ वाटते. परंतु बेटाच्या बाह्य उतारांवर झाडी आहे, तेथे पारवे, वटवाघळे व उंदीर आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजाने आणून सोडलेल्या शेळ्यांची रानटी प्रजाही आहे. भोवतालचे पाणी स्वच्छ असून त्यात प्रवाळ व मोठे मासे यांची समृद्धी आहे. ती पाहण्यासाठी आता पाणबुडे प्रवासी नौकांतून तेथवर जातात. वैराण हे केवळ मुखाचे वर्णन झाले, देहाचे नव्हे.

दर्शनाची नवी रीत

वन्य प्राणी पाहण्यासाठी लहान जहाजाने दूरच्या बेटांवर जाण्याची व्यवस्थित प्रथा जगात १९६० च्या दशकात सुरू झाली. स्वीडनमध्ये जन्मलेला लार्स-एरिक लिंडब्लाड याने १९६६ साली प्रवाशांस अंटार्क्टिकास नेले व पुढच्या वर्षी ज्वालामुखीपासून बनलेल्या गालापागोस बेटांकडे सफर काढली. १९६९ साली केवळ या कामासाठी त्याने स्वतंत्र जहाज बांधून घेतले. गालापागोस हे १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे प्रवासी बहुधा जहाजावर झोपतात, दिवसा मार्गदर्शकासह लहान गटांनी आखलेल्या पायवाटांवरूनच फिरतात व काहीही उचलून नेत नाहीत. या रीतीचे मर्म असे की निवास नावेवर व दर्शन बेटावर. वसतीगृह, विहीर, कचरा व शेळी यांपैकी काहीही बेटावर येत नाही.

भारतातील उपरोक्त बेटांच्या बाबतीत हा प्रश्न आता केवळ विद्येचा राहिलेला नाही. बॅरन व नारकोंडम ही दोन्ही बेटे १९७७ पासून अभयारण्ये आहेत व तेथील प्रवेश परवानगीवर अवलंबून आहे. निवतीच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन पाहण्यासाठी होड्या नित्य जातात. २०२५ साली नौदलाचे निवृत्त जहाज ‘गुलदार’ हे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. निवती रॉकच्या परिसरात ते समुद्रतळाशी बसवून पाण्याखालील संग्रहालय करावे, अशी ती योजना आहे. ज्या खडकाला चार शतके टाळून जात असत, त्याच्याच दिशेने आता मुद्दाम जाण्याचे दिवस आले आहेत.

अशा वेळी तिन्ही बेटांच्या इतिहासातून एक बोध स्पष्टपणे निघतो. दुरून पाहणाऱ्यांनी चुकीची नांवे ठेवली, आणि उतरलेल्यांनी ती चुकीची असल्याचे दाखविले. म्हणून उतरणे हेच ज्ञानाचे साधन, असा निष्कर्ष वरवर पाहता निघतो. परंतु उतरणाऱ्यांबरोबर बंदूक, बांबूची परात व शेळी हीही उतरली. ह्यूम, अब्दुलअली, हुसेन व त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी उतरून जे जाणले ते आज लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. ते पुन्हा प्रत्येक प्रवाशाने पाऊल ठेवून सिद्ध करावे, याची आवश्यकता नाही. गुहेत पाकोळी आहे हे ज्यास माहीत आहे, त्याला खडकाबाहेर सायंकाळी नाव उभी करून परतणारे थवे पाहता येतात. अरण्यात धनेश आहे हे ज्यास माहीत आहे, त्याला डेकवरूनही उंबराच्या शेंड्यावर तो ओळखता येतो. चूक अंतरामुळे झाली असे म्हणण्यापेक्षा अंतर व अज्ञान यांच्या संयोगाने झाली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. अज्ञान दूर झाल्यावर तेच अंतर संरक्षण ठरते.

उषवदाताच्या लेखात नावेबरोबर तीरावरच्या विश्रामस्थानांचा व पाणपोयांचा उल्लेख आहे, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. नदीच्या नावेला दोन तीर असतात व दोन्ही तीर मनुष्याचे असतात. म्हणून तेथे उतरणे हेच पुण्य. एकाकी बेटाकडे जाणाऱ्या नावेला मनुष्याचा तीर एकच असतो. दुसरा तीर पाकोळीचा, धनेशाचा अथवा अग्नीचा असतो. तेथवर जाणाऱ्याने खरे नांव जाणून घेऊन नाव परत फिरवावी, एवढेच त्या तीराचे मागणे आहे.